खडकावरील शेजार : एडवर्ड रिकेट्स ह्याचे चरित्र

मनुष्याची पारख करावयाची झाल्यास केवळ त्याचे नाव व कूळ विचारून भागत नाही. तो कोठे राहतो, काय करून पोट भरतो, त्याचे शेजारी कोण आणि त्यांच्याशी त्याचे कसे जमते, हे सर्व पाहावे लागते. लग्नकार्य ठरविताना आपल्या घरांतील वडील मंडळी हीच चौकशी करीत असतात. प्राण्यांच्या बाबतीत मात्र पुष्कळ काळपर्यंत विद्वानांचा भर नाव व कूळ ह्या दोन प्रश्नांवरच अधिक होता. समुद्रकाठच्या खडकावरील खेकडा पकडावा, मद्यार्काच्या बाटलीत घालावा, त्याच्या नांग्या व पाय तपासून तो कोणत्या कुळातला हे ठरवावे आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे काम झाले असे वाटे. तो खेकडा खडकाच्या कोणत्या उंचीवर राहत होता, त्याच्या दगडाखाली आणखी कोणाचे बिऱ्हाड होते, तो कोणाला खाई व कोणाला भिई, हे प्रश्न बहुधा मागे राहत. हे मागे राहिलेले प्रश्न ज्याने आयुष्यभर पुढे धरले अशा एका अमेरिकन गृहस्थाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

एडवर्ड फ्लँडर्स रिकेट्स ह्याचा जन्म १४ मे १८९७ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. ज्याचे पुढील सर्व आयुष्य समुद्राच्या सान्निध्यात जावयाचे होते, त्याचे बालपण समुद्रापासून शेकडो मैल दूर गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो सहा वर्षांचा असताना एका आप्ताने त्यास सृष्टीतील काही चमत्कारिक जिनसा व प्राणिशास्त्राचे एक जुने पुस्तक दिले. त्या दिवसापासून ह्या मुलाचे मन प्राणिसृष्टीकडे जे लागले ते लागलेच. शाळा संपल्यावर त्याने इलिनॉय राज्यातील एका अध्यापक विद्यालयात एक वर्ष काढले. नंतर तो दक्षिणेकडील प्रांतांत गेला व तेथे हिशेब लिहिणे, जमीन मोजणाऱ्याच्या हाताखाली काम करणे, असे मिळेल ते काम त्याने केले. पहिल्या महायुद्धात त्यास सैन्याच्या वैद्यकीय खात्यात दाखल व्हावे लागले. युद्ध संपल्यावर १९१९ साली त्याने शिकागो विद्यापीठात नाव घातले.

ह्या विद्यापीठात वॉर्डर ॲली नावाचे प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. क्षुद्र दिसणारे प्राणी एकत्र का जमतात व जमल्याने त्यांस काय लाभ होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी असे दाखविले की, विषारी द्रव्य मिसळलेल्या पाण्यात एकटा ठेवलेला सोनेरी मासा जितका वेळ जगतो त्याहून पुष्कळ अधिक वेळ, तितक्याच पाण्यात दहाजण मिळून ठेविलेले मासे जगतात. कारण त्या सर्वांच्या अंगचा बुळबुळीत स्राव विषाचा अंश पाण्यातून खाली बसवितो. एकाने आपल्यापुरते केलेले काम नकळत सर्वांच्या उपयोगी पडते, हा त्यातील मथितार्थ. अशा गुरूच्या हाताखाली रिकेट्सने प्राण्यांकडे समुदायाच्या दृष्टीने पाहण्याचे शिक्षण घेतले. परंतु पदवी मात्र त्याच्या हाती आली नाही. तीन वर्षांनी, परीक्षांचा क्रम पुरा न करताच, त्याने विद्यापीठ सोडले. पदवी नसल्याची उणीव त्यास पुढे अनेकदा भोवली, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

१९२२ साली त्याचा विवाह झाला व १९२३ साली पत्नी आणि तान्हा मुलगा ह्यांसह तो कॅलिफोर्नियात आला. तेथे माँटरे उपसागराच्या काठी पॅसिफिक ग्रोव्ह नावाचे गाव आहे. विद्यापीठातील एका मित्राच्या भागीत त्याने तेथे ‘पॅसिफिक बायॉलॉजिकल लॅबोरेटरीज’ ह्या नावाने एक दुकानवजा प्रयोगशाळा काढली. समुद्रातील तारामासे, खेकडे, जेलीमासे, लहान शार्क इत्यादी प्राणी जमवावयाचे, ते टिकाऊ करून बाटल्यांत भरावयाचे आणि शाळा-महाविद्यालयांस विकावयाचे, हा तिचा धंदा. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत काचेच्या बरण्यांतून जे प्राणी विद्यार्थी पाहतात तशाच बरण्या भरून हा मनुष्य पोट भरीत होता. थोड्याच वर्षांत भागीदार निघून गेला व सर्व भार एकट्या रिकेट्सवर पडला. प्रयोगशाळाही शेजारच्या माँटरे गावी, डबेबंद मासळीच्या कारखान्यांच्या रांगेत हलविण्यात आली. धंदा कधीच भरभराटीस आला नाही. कर्ज व ओढग्रस्त ही त्याच्या पाचवीस पुजलेली होती. परंतु ह्या धंद्यामुळेच वर्षातील बाराही महिने, दिवसा व रात्री, ओहोटीच्या वेळी खडकांवर हिंडणे त्यास भाग पडे. आणि जे काम इतरांस केवळ हमाली वाटले असते, त्यातूनच त्याचे शास्त्र जन्मास आले.

आता ज्या जागी तो हिंडत असे त्या जागेचे थोडे वर्णन केले पाहिजे. कोकणातील वाचकांस उधाण व भांग हे शब्द परिचित आहेतच. अमावस्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास पाणी फार वर चढते व फार खाली उतरते. अष्टमीच्या आसपास ही चढउतार कमी होते. त्यामुळे खडकाळ किनाऱ्यावर पाणी कोठवर व किती वेळ पोहोचते ह्याप्रमाणे एकावर एक अशा पट्ट्या पडतात. रिकेट्सने अशा चार पट्ट्या मानल्या. सर्वांत वरच्या पट्टीत बहुधा लाटांचे तुषारच काय ते पोहोचतात. सर्वांत खालची पट्टी उधाणाच्या मोठ्या ओहोटीतच थोडा वेळ उघडी पडते. वरच्या पट्टीतील प्राण्यास ऊन, वारा व पाऊस सोसावा लागतो, खालच्या पट्टीतील प्राण्यास शत्रू अधिक. हातभर उंचीच्या फरकाने निराळ्या देशात गेल्याप्रमाणे वस्ती बदलते.

खेकड्यांचेच उदाहरण घेऊ. माँटरेच्या खडकांवर वरच्या अंगाला दोन इंच रुंदीचा, काळपट हिरव्या पाठीवर आडव्या रेघा असलेला एक चपळ खेकडा राहतो. कल्ल्यांत पाणी साठवून तो दिवसाचा बराच भाग कोरड्यावरच घालवितो, खडकावरचे शेवाळ खरवडून खातो, मेलेले काही सापडल्यास तेही सोडत नाही, आणि मनुष्याची सावली पडताच फटीत नाहीसा होतो. किंचित खाली, मोठ्या दगडांच्या थंड व ओलसर पोटाखाली, जांभळ्या ठिपक्यांच्या नांग्यांचा त्याचा एक चुलतभाऊ असतो. जेथे शिणाण्यांचे दाट थर खडकाला चिकटलेले असतात तेथे, व जवळपासच्या दगडांखाली, नाण्याएवढे चपटे असे चिनीमातीच्या नावाने ओळखले जाणारे खेकडे शेकड्यांनी दाटीवाटीने राहतात. त्यांच्या नांग्या मोठ्या, परंतु अन्न मिळविण्याकरिता त्यांचा उपयोग नाही. तोंडाजवळच्या केसाळ अवयवांचे पंखे करून ते वाहत्या पाण्यातून अन्नाचे सूक्ष्म कण गाळून घेतात. शत्रूने धरलेच तर नांगी त्याच्या हाती सोडून देतात व जीव वाचवितात. नांगी पुढे पुन्हा फुटते. सर्वांत खालच्या पट्टीत समुद्रवनस्पतींच्या रंगाचा, त्यांवरच बसून त्यांनाच खाणारा एक खेकडा असतो, आणि खडकाच्या कपारीत शंख फोडून आतील जीव खाणारा जाड नांग्यांचा बलवान खेकडा दबा धरून बसलेला असतो.

ह्या सर्वांत संन्यासी खेकड्याचा संसार पाहण्यासारखा आहे. त्याचा मागचा भाग मऊ असल्यामुळे तो मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो व ते घर पाठीवर घेऊन हिंडतो. अंग वाढले की घर अपुरे पडते. मोठा शंख सापडून एकाने घर बदलले म्हणजे त्याचे सोडलेले घर त्याहून लहानास मिळते, त्याचे तिसऱ्यास. थोरल्या भावाचा सदरा धाकट्यास व्हावा तसा हा प्रकार चालतो. शंख तयार करण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. ह्याचा अर्थ असा की, त्या खडकावर किती संन्यासी खेकडे राहू शकतील हे पुष्कळ अंशी काळ्या गोगलगायी किती आहेत व किती मरतात ह्यावर अवलंबून असते. गोगलगायींची संख्या शेवाळावर अवलंबून, शेवाळ लाटा व सूर्यप्रकाश ह्यांवर. एका खेकड्याची चौकशी करू लागले की अवघा किनारा साक्षीदार म्हणून बोलवावा लागतो. हीच गोष्ट रिकेट्सने ओळखली होती.

ही दृष्टी ठेवून त्याने जॅक कॅल्विन ह्या मित्राच्या साहाय्याने ‘बिटवीन पॅसिफिक टाइड्स’ म्हणजे पॅसिफिक महासागराच्या भरती-ओहोटीमधील सृष्टी, ह्या नावाचा ग्रंथ लिहिण्यास घेतला. ह्या ग्रंथाची मांडणी त्या काळच्या वहिवाटीस सोडून होती. कुळवार यादी न करता त्याने प्रथम किनाऱ्यांचे प्रकार पाडले : लाटांचा थेट मारा सोसणारा किनारा, काहीसा आडोसा असलेला किनारा, शांत खाडी आणि धक्क्याचे खांब. मग प्रत्येक ठिकाणी वरून खाली उतरत कोण कोण भेटतात हे सांगितले. लाटांचा जोर किती, तळ खडकाचा की वाळूचा की चिखलाचा, आणि उघडे राहण्याचा काळ किती, ह्या तीन गोष्टींनी कोणत्या प्राण्याने कोठे राहावे हे ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. किनाऱ्यावर प्रथमच आलेल्या मनुष्याने पुस्तक हाती घेऊन चालू लागावे आणि पायाशी दिसेल तो प्राणी त्यास पुस्तकात त्याच जागी सापडावा, अशी ती सोय होती.

हस्तलिखित स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेकडे गेले, तेव्हा पदवी नसलेल्या ह्या व्यापाऱ्याच्या ग्रंथाविषयी शंका निघाल्या. त्या विद्यापीठाच्या समुद्रकाठच्या शाखेचे प्रमुख वॉल्टर फिशर हे तारामाशांचे नामांकित पंडित होते. त्यांस ही मांडणी पसंत पडली नाही. प्राण्यांच्या कुळांचा रूढ क्रम सोडणे त्यांस युक्त वाटले नाही. त्यांची बाजू अगदीच निराधार होती असे नाही. नाव बिनचूक ठाऊक नसेल तर शेजाराची हकीकत तरी कोणाची सांगणार? रिकेट्सही नावांच्या बाबतीत निष्काळजी नव्हता. ओळख न पटलेले प्राणी तो दूरदूरच्या तज्ज्ञांकडे पाठवून त्यांचा निर्णय मागवी. परंतु नाव ही अभ्यासाची सुरुवात होय, शेवट नव्हे, ह्या आपल्या मतावरून तो हटला नाही. अशा रीतीने ग्रंथ वर्षानुवर्षे रखडला.

तो रखडलेला असतानाच दुसरे संकट कोसळले. २५ नोव्हेंबर १९३६ रोजी शेजारच्या मासळीच्या कारखान्यास आग लागून ती प्रयोगशाळेत पसरली. पुष्कळ वर्षे जमविलेली पुस्तके, टिपणे, पत्रव्यवहार व नमुने ह्यांची राख झाली. ग्रंथाचे हस्तलिखित प्रकाशकाकडे पडून होते म्हणूनच ते वाचले. ज्या दिरंगाईने त्यास इतके दिवस सतावले तिनेच त्याच्या श्रमाचे रक्षण केले. रिकेट्सने त्याच जागी पुन्हा छप्पर उभारले व पुन्हा बरण्या भरण्यास आरंभ केला. अखेर १९३९ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे इतर अभ्यासकांनी त्यात भर घालून १९५२, १९६८ व १९८५ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या, आणि ज्या विद्यापीठांनी त्यास पदवी दिली नव्हती त्यांतील विद्यार्थी हाच ग्रंथ हाती घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागले.

१९३० सालापासून जॉन स्टाइनबेक ह्या तरुण लेखकाशी त्याचा स्नेह जुळला होता. हाच स्टाइनबेक पुढे १९६२ साली साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. प्रयोगशाळेच्या अडचणीच्या काळी स्टाइनबेकने तीत भांडवल घातले, आणि मनुष्यांचे समूह कसे वागतात ह्याविषयीचे त्याचे पुष्कळसे विचार रिकेट्सशी झालेल्या संभाषणांतून परिपक्व झाले. ११ मार्च १९४० रोजी दोघे मित्र ‘वेस्टर्न फ्लायर’ नावाच्या, तारली धरण्याच्या जहाजातून मेक्सिकोजवळील कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे निघाले. सुमारे सहा आठवडे ठिकठिकाणच्या ओहोटीला उतरून त्यांनी पाचशेहून अधिक जातींचे प्राणी गोळा केले. तेथील खडकांवर लाल-निळ्या रंगाचा, लांब पायांचा एक देखणा खेकडा असतो. तो कोणत्याही दिशेला पळू शकत असल्याने भल्याभल्यांस हुलकावणी देतो, आणि ह्या मंडळींचीही त्याने पुरेपूर फजिती केली. १९४१ च्या डिसेंबरात ‘सी ऑफ कॉर्टेझ’ हा प्रवासाचा ग्रंथ निघाला. परंतु त्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात ओढली गेली व ग्रंथाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४५ साली स्टाइनबेकची ‘कॅनरी रो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली व तीतील डॉक हे पात्र त्याने रिकेट्सवरून रंगविले होते. त्यामुळे ज्यास खेकड्यांचे नावही ठाऊक नव्हते अशा लाखो वाचकांस हा मनुष्य परिचित झाला.

रिकेट्सच्या दाराशी एक मोठी घटना घडत होती, आणि तिच्यातच त्याच्या दृष्टीची खरी कसोटी लागली. त्याच्या प्रयोगशाळेच्या दोन्ही बाजूंस तारलीच्या जातीची सार्डीन नावाची मासळी डब्यांत भरणारे कारखाने होते. त्यांच्या भोंग्यांनी गाव जागे होई. कित्येक कुटुंबांची चूल त्यांवर पेटे. १९३६-३७ च्या हंगामात एकट्या कॅलिफोर्नियात ही मासळी सात लाख टनांहून अधिक धरण्यात आली. पैकी पुष्कळशी माणसांच्या पोटात न जाता तिचे तेल व कोंबड्यांचे खाद्य करण्यात आले. ही खाण कधी संपणार नाही असे कारखानदारांस वाटत होते. परंतु दुसरे महायुद्ध संपताच मासळी झपाट्याने घटू लागली. कोणी म्हणाले, ती दुसरीकडे गेली. कोणी म्हणाले, पाणी बदलले.

रिकेट्सने खडकावर वापरलेलीच रीत येथे लावली. तारलीला एकटे न पाहता तो तिचा शेजार पाहू लागला. वाऱ्याने वरचे पाणी बाजूला सरले की तळाचे थंड व सकस पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांवर सूक्ष्म जीव व तारली पोसतात. पाण्याच्या उष्णतामानाच्या, सूक्ष्म जीवांच्या आणि पकडलेल्या मासळीच्या नोंदी त्याने शेजारीशेजारी मांडल्या. एखादे वर्ष अन्नाचे वाईट येणे हे निसर्गक्रमाने चालावयाचेच. परंतु अशा वाईट वर्षी प्रौढ मासळीचा साठा आधीच उपसलेला असेल तर पुढील पिढी उभी राहणार नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. स्थानिक वृत्तपत्राच्या वार्षिक अंकांत लेख लिहून त्याने तो लोकांपुढे मांडला. तारली कोठे गेली ह्याचा शोध दूर घेण्याचे कारण नाही, ती डब्यांतच गेली आहे, असा त्याचा अभिप्राय होता. जाळी थोडी आवरा, म्हणजे धंदा थोडक्यावर का होईना पण टिकेल, हे त्याचे सांगणे होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. एकामागून एक कारखाने बंद पडले, शेवटचा मोठा कारखाना १९७३ साली मिटला, आणि तत्पूर्वी १९६७ साली कॅलिफोर्निया सरकारास तारली धरण्यावर बंदीच घालावी लागली. समुद्रतळाच्या गाळातील खवल्यांवरून पुढील शास्त्रज्ञांस असे आढळले की, जाळी नव्हती त्या शतकांतही ही मासळी आपोआप कमीजास्त होत असे. अर्थात केवळ मनुष्यास दोष देणेही बरोबर नाही आणि केवळ समुद्रास दोष देणेही नाही. पडत्या काळात वरून ओझे लादले गेले, हे रिकेट्सचे म्हणणे दोहोंमधला खरा मार्ग दाखविणारे होते.

ह्या विषयाचा पूर्ण विचार करण्यास त्यास आयुष्य लाभले नाही. कॅलिफोर्निया व मेक्सिको ह्यांच्यानंतर उत्तरेकडील, कॅनडाच्या बेटांवरील किनाऱ्यांवर ग्रंथ लिहावा ह्या हेतूने त्याने १९४५ व १९४६ साली तिकडे प्रवास केला होता, व १९४८ च्या उन्हाळ्यात पुन्हा जाण्याची तयारी चालविली होती. ८ मे १९४८ रोजी संध्याकाळी तो आपल्या जुन्या मोटारीतून प्रयोगशाळेजवळचे रेल्वेचे फाटक ओलांडीत असता आगगाडीने मोटारीस धडक दिली. तीन दिवस मृत्यूशी झगडून ११ मे रोजी त्याने प्राण सोडला. एक्कावन्नावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.

त्याच्या चरित्रात सर्वच गोष्टी अनुकरणीय होत्या असे म्हणता येणार नाही. त्याचे गृहजीवन सुखाचे झाले नाही. १९३६ च्या सुमारास पती-पत्नी विभक्त झाली. पैशाचा हिशेब त्यास जमला नाही व मद्यही त्यास वर्ज्य नव्हते. आणखीही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या किनाऱ्यावर त्याने जीव जडविला त्याच किनाऱ्यावरचे प्राणी मारून तो पोट भरीत होता. ह्यातील विसंगती नाकारता येत नाही. तथापि कारखानदाराच्या व त्याच्या घेण्यात मोठा फरक होता. आपण उचलतो त्या प्राण्याचे घर, अन्न व शेजार ह्यांची चौकशी त्याने केली, आणि जे कळले ते स्वतःपाशी न ठेवता सर्वांच्या स्वाधीन केले.

त्याच्या पश्चात हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. १९६६ साली रॉबर्ट पेन ह्या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या खडकांवरील आपल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. एका ठिकाणचे तारामासे सतत काढून टाकताच तेथे शिणाण्यांनी सर्व जागा बळकावली व पंधरा जातींच्या जागी आठच उरल्या. अर्थात शिकारी दिसणारा तारामासाच इतर दुबळ्यांच्या जागेचा राखणदार होता. चिनीमातीच्या नावाच्या खेकड्यांची पिले काही आठवडे समुद्रात तरंगत राहून परत येतात तेव्हा ज्या दगडाखाली आपल्या जातीची वडीलधारी मंडळी आहेत तोच दगड पसंत करतात, असेही आढळून आले. ॲली ह्यांच्या शिकवणुकीचा हा एक सुंदर पुरावाच होय. रिकेट्सच्याच काळी, १९३१ ते १९३३ मध्ये, हेवॅट नावाच्या विद्यार्थ्याने पॅसिफिक ग्रोव्हच्या खडकावर एक रेघ आखून तीवरील प्राणी मोजले होते. साठ वर्षांनी त्याच रेघेवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा दक्षिणेकडील उष्ण पाण्याच्या नऊ जातींपैकी आठ वाढलेल्या व उत्तरेकडील थंड पाण्याच्या आठांपैकी पाच घटलेल्या दिसल्या. तेथील पाण्याचे सरासरी उष्णतामान तेवढ्या काळात पाऊण अंशाने वाढले होते. किनाऱ्याच्या वरच्या भागात राहून उन्हाची सवय झालेले खेकडे तरी ह्या बदलास पुरून उरतील असे वाटे. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या उलट दिसले. ते सोसू शकतात त्या कमाल उष्णतेच्या अगदी कडेलाच ते आज राहत आहेत. जुन्या माणसांनी शेजाराची नोंद करून ठेवली म्हणून हा बदल आज ओळखता येतो.

माँटरेची ती रस्तावजा कारखान्यांची ओळ १९५८ साली कादंबरीचेच नाव घेऊन कॅनरी रो झाली. रिकेट्सची लाकडी प्रयोगशाळा माँटरे शहराने १९९३ साली विकत घेऊन जपली आहे. तिच्या लगतच्या, बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी १९८४ साली एक भव्य मत्स्यालय उघडले. ‘वेस्टर्न फ्लायर’ जहाज मध्यंतरी बुडून मोडकळीस आले होते. ते दुरुस्त होऊन २०२३ साली पुन्हा माँटरेस आले. अनेक सागरी प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत त्याचे नाव गुंफलेले आहे. ज्याच्या नावापुढे पदवीची दोन अक्षरे लागली नाहीत त्याचे नाव प्राण्यांस लागले, हा काळाचा न्याय होय.

विद्यार्थी मित्रहो, पदवी निरुपयोगी आहे असा बोध ह्यातून कोणी घेऊ नये. रिकेट्सने विद्यापीठ सोडले, परंतु अभ्यास एक दिवसही सोडला नाही; आणि गुरूकडून जे मूलतत्त्व घेतले ते जन्मभर कामास लावले. घेण्यासारखा बोध हा की, कोणत्याही जिवास त्याच्या शेजारापासून तोडून पाहू नये, आणि जेथून आपण घेतो तेथे काय उरते हे पाहिल्याशिवाय हात पुन्हा पुढे करू नये. सुट्टीत समुद्रकाठी जाल तेव्हा ओहोटीला एखादा दगड अवश्य उलटून पाहा. त्याच्या पोटाखाली सावलीत व ओलाव्यात राहणारी वस्ती उन्हात पडली तर काही वेळातच मरून जाते. म्हणून पाहून झाल्यावर तो दगड हळूच, होता तसा, पूर्ववत ठेवा.